रंगाचा डबा नंतर, आधी पाण्याची वाट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमध्ये घरसजावटीचे लेख सुरू होतात. भिंतीला कुठला रंग, छताला कसली नक्षी, टीव्हीमागे कसले पॅनेल. लेख चांगले असतात, पण ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात आणि अमलात येतात ते श्रीवर्धन, गुहागर, मालवणच्या चिरेबंदी घरांत, जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगत वर्षभर हवेत मीठ असते. गणपतीला घर उघडल्यावर दिसणारे पोपडे, माजघरातला काळा बुरा, कपाटांची फुगलेली दारे, यांचे खापर चाकरमानी रंगाच्या कंपनीवर फोडतात. बहुतेक वेळा पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे बांधतानाच कोणी पाहिलेले नसते. आता पाऊस गेला, नवी कामे निघतील. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तर क्षमा असावी.

आधी चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. जांभा सच्छिद्र, तो पाणी पिणारच. किती पितो ते पाहायचे. भारतीय मानक आयएस ३६२० जांभ्याच्या ठोकळ्याला वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देते आणि दाबशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन मागते. दाबशक्तीला प्रयोगशाळा लागते, पाण्याला साधा वजनकाटा पुरतो. खाणीच्या वेगवेगळ्या थरांतले चार चिरे आणून आठवडाभर कडक उन्हात वाळवा, वजन करा, चोवीस तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा कोरडा ३० किलोच्या आसपास भरतो. तो भिजून ३३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेला, तर त्या थरातला माल बाहेरच्या भिंतीला लावू नये. हातोडीने ठोकूनही पाहावे. चांगला चिरा खणखणतो, मऊ चिरा बद्द वाजतो. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे डोळे असलेला चिरा बाजूला काढा, कारण पावसाच्या माऱ्याने ती माती वाहून जाते आणि बोट जाईल एवढे भोक मागे राहते.

ताजा कापलेला जांभा मऊ असतो, उघड्या हवेत तो कठीण होत जातो. पूर्वी चिरे काढून ठेवत आणि मग बांधत. आता यंत्रावर आज कापलेला चिरा परवा भिंतीत जातो. दोन-तीन महिने रचून ठेवायला जागा असेल तर जरूर ठेवा. किती मागवायचे याचाही हिशेब सोपा आहे. वरच्या मापाचा चिरा आणि अर्ध्या इंचाची दरज, म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा, धरली तर ९ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना १३२ चिरे लागतात, फुटतूट धरून १४०. कोणी १२० त भागवतो म्हणाला तर दरजा किती जाड धरल्यात ते विचारा. जाड दरज म्हणजे वाकडातिकडा चिरा सिमेंटने झाकणे.

लावण्याआधी चिरा भिजवलाच पाहिजे. कोरडा चिरा मालातले पाणी ओढून घेतो. मग माल वाळतो पण जमत नाही, आणि पुढे दरजेत खिळा टोचला की पीठ गळते. सिमेंट-रेतीचा एकास सहाचा माल पुरेसा आहे. एका दिवसात तीन फुटांपेक्षा जास्त उंची चढवू नये, कारण खालच्या ओल्या दरजा दबून भिंत ओळंब्यातून जाते.

आता जमिनीतली ओल. ती चिऱ्यातून तीन फूट सहज चढते. तिला अडवणारा एकच थर असतो, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात, आणि घाईत सर्वात आधी तोच गाळला जातो. जोत्याच्या माथ्यावर भिंतीच्या पूर्ण रुंदीत दीड इंच जाडीचे एकास दीडास तीनचे (सिमेंट, रेती, खडी) काँक्रीट, त्यात वॉटरप्रूफिंगची पूड, ते सुकल्यावर वर गरम डांबराचे दोन हात. हा पट्टा अखंड हवा आणि बाहेरच्या जमिनीपासून निदान सहा इंच वर हवा. इतके करूनही तो फुकट जातो, तो असा: घर उभे राहिल्यावर अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात, त्याखाली भराव येतो, भिंतीला चिकटून जास्वंदीचा वाफा होतो. बाहेरची जमीन आठ-नऊ इंच वर आली, डीपीसी मातीखाली गेली आणि ओल तिच्या वरून भिंतीत शिरली. बाहेरचा गिलावा जोत्यापासून थेट छतापर्यंत सलग ओढला तरी हेच होते, ओल डीपीसीला वळसा घालून गिलाव्यातून वर जाते. डीपीसीच्या पातळीवर गिलाव्यात आडवी खाच ठेवून तो तोडावा. वाफा हवाच असेल तर भिंतीपासून दोन फूट लांब करा.

जोत्याचा भराव सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसून बसवावा. ट्रॉलीने एकदम ओतलेला भराव पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बसतो आणि वरच्या लाद्या पोकळ वाजू लागतात. वाळवीचे औषध याच वेळी, कोबा पडण्याआधी: इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरमागे २.१ मिली, आणि भरावाच्या दर चौरस मीटरला ५ लिटर मिश्रण. विहीर जवळ असेल तर हे टाळलेलेच बरे, जांभ्यातून औषध विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. जोत्याची उंची एरवी दीड-दोन फूट पुरते. चिपळूण-खेडच्या सखल भागात मात्र २२ जुलै २०२१ च्या पुराचे पाणी आपल्या प्लॉटवर कुठवर आले होते ते शेजाऱ्यांना विचारून मगच पातळी धरा. तेवढे जोते परवडत नसेल तर निदान मीटर, स्विचबोर्ड आणि इन्व्हर्टर त्या रेषेच्या वर बसवा.

समुद्राचा वारा थेट लागणाऱ्या घराचे खरे दुखणे सळयांत असते. आयएस ४५६ या मानकात किनाऱ्याची हवा थेट लागणाऱ्या काँक्रीटसाठी किमान एम ३० दर्जा (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाबशक्ती), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. डोंगराआड, खाऱ्या वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या घराला एम २५, ०.५० आणि ३० मिलिमीटर. याचा साध्या भाषेत अर्थ असा की किनाऱ्यावर ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटरपेक्षा जास्त पाणी नाही, आणि ओल्या रेतीत असलेले पाणीही त्यातच मोजायचे. मिक्सरवर उभा असलेला माणूस गोण्या मोजतो, पाणी मात्र नळीने अंदाजे सोडतो. त्याच्या हातात मापाची बादली द्या. घट्ट माल पसरत नाही ही तक्रार येईलच, त्यावर उपाय प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) आणि व्हायब्रेटर हा आहे. एम ३० हातमिश्रणाच्या ठोकताळ्यावर होत नाही, त्याचे मिक्स डिझाइन, म्हणजे प्रयोगशाळेत मिश्रणाचे प्रमाण ठरवून, करून घ्यावे लागते.

आवरणासाठी सळईखाली खडीचा तुकडा सरकवायची पद्धत सर्रास आहे. खडी निसटते, सळई शटरिंगला टेकते आणि शटरिंग काढल्यावर स्लॅबच्या पोटावर सळईच्या रेघा दिसतात. तिथे खारी हवा आत जायला अर्ध्या इंचाचाही अडसर उरत नाही. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या दुपटीहून जास्त जागा मागते, ते आतून काँक्रीट फोडते. आपण त्याला पोपडे म्हणतो आणि वरून सिमेंट थापतो. कामाच्या आधी पंधरा दिवस त्याच प्रतीच्या काँक्रीटचे नेमक्या जाडीचे ठोकळे ओतून, मध्ये बांधायची तार खोचून, पाण्यात पिकवून ठेवावेत. दर तीन फुटांना एक लागतो. सगळ्या घराच्या ठोकळ्यांचा खर्च एका खिडकीच्या पडद्यांएवढाही होत नाही.

पाणी आणि रेती यांचेही तसेच. आरसीसीच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. खाडीकाठची विहीर दिवाळीत गोड असते आणि वैशाखात मचूळ होते, आणि स्लॅब नेमका वैशाखात पडतो. म्हणून पाण्याचा नमुना एप्रिलमध्ये तपासायला द्यावा, नोव्हेंबरचा दाखला कामाचा नाही. खाडीची रेती आरसीसीत वापरूच नये, तिथे धुतलेली क्रश सँड घ्यावी. गिलाव्यालाही खाडीची रेती वापरली तर भिंतीवर पांढरा लोणा फुटतो, आणि मीठ हवेतली ओल ओढत असल्याने ती भिंत पावसाळाभर दमट राहते. सिमेंटमध्ये निवड असेल तर किनाऱ्यावर स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) चांगले. ते सावकाश पिकते, त्यामुळे त्याला किमान दहा दिवस सतत पाणी हवे. चार दिवसांत गोणपाट काढून नेणाऱ्याला थांबवा.

एक गोष्ट गावोगाव दिसते. ‘पुढे मजला चढवू’ म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळया हात-हात उंच उघड्या सोडलेल्या असतात. मजला वीस वर्षे चढत नाही, पण गंज सळईवरून खाली कॉलमच्या डोक्यात उतरतो. मजला खरेच चढवायचा असेल तर सळयांना सिमेंटची खीर लावून त्या कच्च्या काँक्रीटमध्ये बुजवून ठेवाव्यात, नसेल तर कापून तोंड बंद करावे.

छपराबाबत माझे मत स्पष्ट आहे: कोकणात सपाट गच्ची हा महागडा हट्ट आहे. ती गळते म्हणून पाच-सात वर्षांत तिच्यावर पत्र्याची शेड येते, म्हणजे छपराचा खर्च दोनदा होतो. तरीही गच्चीच हवी असेल तर दहा फुटांना दीड इंच उतार द्या, दर ४००-५०० चौरस फुटांना एक चार इंची पाइप द्या आणि पाइपच्या तोंडापेक्षा दोन इंच वर कठड्याला एक जास्तीचे भोक ठेवा. आंब्याची नाहीतर फणसाची दोन पाने जाळीवर बसली की गच्चीचे तळे होते, तेव्हा ते भोक वाचवते.

कौलारू छपराला एका फुटाला सात इंच चढ धरा, म्हणजे जवळपास तीस अंश. त्यापेक्षा सपाट पाख्यावर झडीचे पाणी कौलाच्या जोडातून उलटे चढते. मंगलोरी कौल १०० चौरस फुटांना सुमारे १४० लागतात. रिपांमधले अंतर साधारण साडेबारा इंच असते, पण पुस्तकी मापावर रिपा ठोकू नका. आलेल्या गाडीतली सहा कौले जमिनीवर एकात एक अडकवून त्यांची लांबी मोजा आणि त्यावरून अंतर काढा, कारण कारखान्यागणिक माप थोडे बदलते आणि पाव इंचाची चूक दहाव्या ओळीला अडीच इंच होते. वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावायची आपली जुनी रीत वाळवीवर आजही उपयोगी पडते, मात्र ते कातडी भाजते, हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

पत्रे टाकणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात छपरे उडाली, त्यात वारा वरून दाबतो ही समजूत नडली. वारा छपराला वर खेचतो, आणि उघड्या पडवीतून आत शिरलेली हवा खालून ढकलते. ओढ सर्वात जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याशी. म्हणून मधल्या भागात एकाआड एक उंचवट्यावर स्क्रू चालतो, पण कडेच्या चार फुटांत प्रत्येक उंचवट्यावर हवा. स्क्रू उंचवट्यावरच मारावा, पन्हळीत मारला तर गळणारच. रबरी वॉशर किंचित दबेपर्यंतच आवळा. तो बाहेर फुगला की दोन उन्हाळ्यांत चिरतो. पत्रे टाकायला वाऱ्याकडच्या बाजूने सुरुवात करू नका, विरुद्ध टोकापासून या. म्हणजे जोडाची तोंडे नैर्ऋत्येच्या झडीकडे पाठ करून राहतात. आणि कैची, म्हणजे पत्रे पेलणारी तिकोनी चौकट, नुसती भिंतीवर टेकवून दोन वीट-तुकड्यांनी दाबू नका. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात फूटभर खोल १६ मिलिमीटरचे बोल्ट आधीच बसवा. पत्रा घट्ट आणि कैची सुटी असेल तर वारा दोन्ही एकत्र नेतो.

पावळी भिंतीच्या बाहेर निदान अडीच फूट काढा. दक्षिण-पश्चिमेला पडवीच द्या, तिथल्या भिंतीला दुसरे कुठलेही औषध इतके लागू पडत नाही. खिडकीवरच्या छज्जाच्या पोटाला, कडेपासून इंचभर आत, अर्धा इंच खोल खाच ठेवायला सांगा. ती नसेल तर पाणी छज्जाच्या खालून सरपटत भिंतीपर्यंत येते आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात नकाशा उमटतो.

एवढे झाल्यावर मग रंग. आगोटीच्या आधी वास्तुशांत उरकायची म्हणून एप्रिल-मेमध्ये गिलावा, लगेच पुट्टी आणि लगेच प्लास्टिक रंग हा क्रम चालतो. भिंतीत पाणी असतेच. बाहेरून आणि आतून दोन्हीकडे न श्वास घेणारा रंग बसला की ते अडकते आणि जुलैत फोड येतात. पहिल्या वर्षी नुसता चुना मारा. पाऊस संपल्यावर नोव्हेंबरात दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि चोवीस तासांनी पाहा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला थेंब असतील तर भिंत ओली आहे, रंगाऱ्याला परत पाठवा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे आणि झरोके वाढवावे लागतील. दोन्हीकडे कोरडे असेल तरच पुट्टी, तीही पांढऱ्या सिमेंटची. बाहेरच्या भिंतींना आतून पीओपी लावू नये, ओल लागली की ते मऊ पडते.

चिरा उघडा ठेवणाऱ्यांचे मला कौतुक आहे, पण त्यावर चकचकीत वॉर्निश मारायचा नवा शौक घातक आहे. चिऱ्यातली वाफ त्या काचेमागे अडकते, थर पांढरा पडतो आणि सालपटे निघतात. संरक्षण हवे असेल तर सिलेन-सिलॉक्सेन जातीचे, डोळ्यांना न दिसणारे जलरोधक घ्या. ते पाणी अडवते आणि वाफ जाऊ देते. मात्र काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते.

आतल्या सजावटीबद्दल थोडक्यात. स्वयंपाकघराला आणि कपाटांना आयएस ७१० शिक्क्याचे प्लायवुड घ्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डची कडा एकदा फुगली की परत बसत नाही. बिजागऱ्या, स्क्रू, डासांची जाळी ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची, आणि अगदी लाटांच्या टप्प्यात घर असेल तर ३१६ ची. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन इंच जागा सोडा. वर्षातले आठ-दहा महिने घर बंद राहत असेल तर वरच्या झरोक्यांना काच बसवू नका, जाळी पुरे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीला पावसाळ्यात घाम सुटतो, तो हवेतल्या बाष्पाचा असतो. त्यावर वॉटरप्रूफिंगवाल्याला पैसे देऊ नयेत. पडवीत आणि मागील दारी मात्र खरखरीत लादीच घाला.

ठेकेदाराचा दर चौरस फुटावर ठरतो आणि त्या एका ओळीच्या कागदात यातले काहीच नसते. म्हणून करारात डीपीसीची जाडी, सळईवरचे आवरण, गोणीमागचे पाणी, पाणी मारायचे दिवस, कडेचे स्क्रू आणि पावळीची लांबी आकड्यांत लिहून घ्यावी. शेवटचे पाच टक्के बिल पहिला पावसाळा काढून, अनंत चतुर्दशीनंतर द्यायचे, हेही त्यातच असावे. ठेकेदार कुरकुरतो, पण जुलैत बोलावल्यावर शिडी घेऊन येतो.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, जि. रत्नागिरी